एंडोथेलिन-१ धमनी आवळतं आणि सैलही करतं: उंदराच्या महाधमनीवर दोन्ही परिणाम वेगळे कसे मोजावेत

एंडोथेलिन-१ हे २१ अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड आहे. त्याची साखळी दोन डायसल्फाइड बंधांनी आतल्या बाजूला बांधलेली असते. रक्तवाहिनी आवळणारे जे पदार्थ शरीर स्वतः तयार करतं, त्यांतला हा सर्वांत जोरकस म्हणावा असा. नॅनोमोलर मात्रेत तो काम करतो आणि एकदा चिकटला की लवकर सुटत नाही. मात्र हेच पेप्टाइड योग्य परिस्थितीत रक्तवाहिनी सैलही करतं, आणि नवख्या संशोधकाची गाडी बहुधा इथेच अडते. कुणाच्या ग्राफमध्ये नुसतं आकुंचन येतं, कुणाला सुरुवातीला एक खळगा दिसतो, आणि मग दोघांत खरं कोण यावर वाद रंगतो. वास्तविक दोघंही खरं मोजत असतात, फक्त त्यांच्या ऑर्गन बाथमधली, म्हणजे कापलेली ऊती जिवंत ठेवून तिचा ताण मोजायच्या भांड्यातली, परिस्थिती वेगळी असते.

म्हणून ‘एंडोथेलिन आकुंचन करतं की प्रसरण’ हा प्रश्न तसाच विचारला तर त्याला उत्तर नाही. कोणत्या प्राण्याची कोणती वाहिनी, आतलं अस्तर शाबूत की खरवडलेलं, वाहिनी आधीच ताणात की निवांत, आणि मात्रा किती, ही चार उत्तरं हातात असल्याशिवाय ग्राफचा अर्थ लागत नाही. खालची पद्धत याच चार गोष्टी एकेक करून सोडवते. औषधशास्त्र, पशुवैद्यक किंवा शरीरक्रियाशास्त्रात पदव्युत्तर काम करणाऱ्यांना ती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. ऑर्गन बाथ निदान एकदा तरी हाताळलेला आहे असं गृहीत धरतो.

थोडी पार्श्वभूमी

१९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाड्झ्की यांनी सशाच्या महाधमनीवर दाखवलं की अ‍ॅसिटिलकोलीनने होणारं शिथिलीकरण आतल्या एका पेशीथराच्या अस्तरावर, म्हणजे एंडोथेलियमवर अवलंबून असतं. अस्तर घासून काढलं की शिथिलीकरण नाहीसं होतं. अस्तरातून सुटणारा तो घटक नायट्रिक ऑक्साइड निघाला आणि १९९८ चं नोबेल त्याच शोधाला मिळालं. दरम्यान उलट्या दिशेचाही पुरावा जमत होता. १९८५ मध्ये हिकी, हायस्मिथ आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं की गाईच्या एंडोथेलियल पेशी वाढवलेल्या द्रवात धमनी आवळणारा, पेप्टाइडसारखा काहीतरी पदार्थ असतो. मार्च १९८८ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या मासाशी यानागिसावा, तोमो मासाकी आणि त्यांच्या गटाने डुकराच्या महाधमनीच्या पेशींमधून तो शुद्ध करून त्याची रचना प्रसिद्ध केली. यानागिसावा तेव्हा विद्यार्थी होते.

त्याच वर्षी गंमत अशी झाली की इस्राएलच्या भागातल्या अ‍ॅट्रॅक्टॅस्पिस एंगाडेन्सिस या बिळात राहणाऱ्या सापाच्या विषातलं सॅराफोटॉक्सिन याच घडणीचं निघालं. तेही २१ अमिनो आम्लांचं, तेही दोन बंधांचं. या कुळातलं सॅराफोटॉक्सिन एस-६-सी पुढे आपल्या प्रयोगात कामाला येणार आहे.

१९९० मध्ये एंडोथेलिनचे दोन रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या ज्या प्रथिनांना ते चिकटतं ती, हाती आले: ईटी-ए आणि ईटी-बी. ईटी-ए मुख्यतः वाहिनीच्या भिंतीतल्या अपट्टकी स्नायूवर असतो. एंडोथेलिन तिथे बसलं की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि आकुंचन होतं. ईटी-बी एंडोथेलियमवर असतो, आणि तिथून नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लिन सुटतात, म्हणजे प्रसरण. इथवर मांडणी सुटसुटीत वाटते. पण ईटी-बी काही वाहिन्यांच्या स्नायूवरही असतो आणि तिथे तो आकुंचनच घडवतो. सशाची फुप्फुसधमनी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. त्यामुळे ‘ईटी-बी म्हणजे प्रसरण’ असं पाठ करून प्रयोगाला बसू नये.

परवानगी आणि ऊती कुठून आणायची

भारतात प्राण्यांवरच्या प्रयोगांना १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम लागू आहेत. संस्थेची प्राणी नैतिकता समिती तुमचा आराखडा मंजूर करत नाही तोवर एकाही प्राण्याला हात लावता येत नाही. मृत्यू कोणत्या पद्धतीने, किती प्राणी, का एवढेच, हे सगळं अर्जात लिहावं लागतं. इथे रिंगच्या, म्हणजे धमनीच्या आडव्या कापलेल्या लहान कड्यांच्या, प्रयोगाची एक जमेची बाजू आहे. एका उंदराच्या वक्षीय महाधमनीतून सहज सहा ते आठ रिंग निघतात, त्यामुळे एकाच प्राण्यात अस्तर असलेली, अस्तर नसलेली आणि अवरोधक (रिसेप्टर अडवणारा पदार्थ) दिलेली रिंग शेजारी शेजारी लावता येते. प्राणी कमी लागतात आणि तुलनाही नेमकी होते. अर्जात हे ठळक मांडा.

दुसरा मार्ग खाटीकखान्यातल्या ऊतीचा. आपल्याकडे बऱ्याच प्रयोगशाळा बोकडाचं हृदय किंवा आतड्याची धमनी आणून काम करतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून इथे प्रश्न बोकड-शेळीचा किंवा म्हशीचा. ही ऊती स्वस्त पडते आणि वेगळा प्राणी मारावा लागत नाही. पण जनावराचं वय, त्याची अवस्था, कापल्यापासून गेलेला वेळ, यांतलं काहीच आपल्या हातात नसतं. थर्मासमध्ये बर्फात ठेवलेलं क्रेब्ज द्रावण (ऊती जिवंत ठेवणारं क्षार-ग्लुकोजचं पाणी, कृती खाली) घेऊन स्वतः जा आणि ऊती तिथेच द्रावणात बुडवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी आलेली धमनी आकुंचन दाखवेल, पण तिचं अस्तर बहुधा गेलेलं असेल. मग प्रसरणाचा प्रयोग फसतो आणि दोष पेप्टाइडवर येतो. खाटीकखान्यातल्या ऊतीसाठीही तुमच्या समितीचा नियम काय आहे ते आधी विचारून घ्या.

पुढचं सगळं विस्टार जातीच्या प्रौढ उंदराच्या वक्षीय महाधमनीबद्दल आहे.

क्रेब्ज द्रावण

एक लिटरसाठी: सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.२९ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.१ ग्रॅम, ग्लुकोज २ ग्रॅम, आणि कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.३७ ग्रॅम.

कॅल्शियम शेवटी. बाकीचं विरघळवून, द्रावणात वायूचे बुडबुडे चांगले खेळवून, मग कॅल्शियमचं वेगळं केलेलं द्रावण हळूहळू ढवळत सोडायचं. घाई केली की दुधाळ साका येतो. गाळून काम चालवू नका, कारण साक्यात गेलेलं कॅल्शियम तुमच्या स्नायूला मिळणार नाही. फेकून पुन्हा बनवा, आणि रोज ताजं बनवा.

वायू म्हणजे कार्बोजेन: ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. सिलिंडर परवडत नाही म्हणून माशांच्या टाकीचा पंप लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. टायरोड द्रावणात गिनीपिगचं आतडं लावलं असेल तर ते खपून जातं. बायकार्बोनेटवर चालणाऱ्या क्रेब्जमध्ये मात्र पाच टक्के कार्बन डायऑक्साइड नसेल तर पीएच ७.४ वर राहत नाही, वर चढत जातो. माझ्या मते रक्तवाहिनीच्या प्रयोगात कार्बोजेनला पर्याय शोधू नये. त्यापेक्षा शेजारच्या विभागाशी सिलिंडर वाटून घ्या.

पेप्टाइडची कुपी

मीठ-पाण्याच्या द्रावणात थोडीफार चूक झाली तर निभावतं, पेप्टाइडमध्ये झाली तर संपूर्ण ग्राफ सरकतो. म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एंडोथेलिन-१ चं रेणुभारमान साधारण २४९२. कुपीवर १०० मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर ते सुमारे ४० नॅनोमोल झाले. ४०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवलं की १०० मायक्रोमोलरचं मूळ द्रावण मिळतं. मात्र कुपीतलं वजन सगळं पेप्टाइडचंच नसतं. त्यात पाणी आणि अ‍ॅसिटेट किंवा ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेटसारखे क्षारघटकही येतात. कंपनीच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर ‘निव्वळ पेप्टाइड’ किती टक्के ते दिलेलं असेल तर त्यानुसार आकारमान बदला. कशात विरघळवायचं हेही त्याच कागदावर असतं, बहुधा शुद्ध पाणी किंवा अगदी सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल.

कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक झटका द्या. पांढरी भुकटी झाकणाला चिकटलेली असते आणि डोळ्यांना दिसतही नाही.

यापुढची अडचण सौम्य द्रावणांची. पेप्टाइड काचेला आणि साध्या प्लॅस्टिकला चिकटतं. १०० मायक्रोमोलरमध्ये थोडं चिकटलं तर फरक जाणवत नाही, ०.१ मायक्रोमोलरमध्ये मात्र निम्मं भिंतीवर राहू शकतं. मग कमी मात्रांना प्रतिसादच येत नाही आणि मोठ्या मात्रेला एकदम उसळी येते. उपाय दोन: कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरायच्या आणि सौम्य द्रावणं ०.१ टक्का बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घातलेल्या बफरमध्ये करायची. मूळ द्रावण लहान लहान भागांत वाटून उणे २० अंश किंवा त्याहून थंड ठेवा. एक भाग एका दिवसाचा. वितळवलेला परत गोठवायचा नाही. सौम्य द्रावणं त्या दिवशीच करायची आणि बर्फावर ठेवायची.

हातमोजे घालूनच काम करा. नॅनोमोलर मात्रेत धमनी आवळणारा पदार्थ आहे हा.

महाधमनी काढणं आणि रिंग कापणं

मंजूर पद्धतीने प्राण्याचा अंत झाल्यावर छाती उघडा, हृदय-फुप्फुसं बाजूला घ्या. पाठीच्या कण्याला चिकटून जाणारी पांढुरकी नळी म्हणजे वक्षीय महाधमनी. ती कण्यापासून सोडवताना चिमट्याने नळी धरू नका, भोवतालची चरबी धरा. नळी ओढली, ताणली, चिमटली की आतलं अस्तर तिथे संपलं. लगेच थंड, कार्बोजेन सोडलेल्या क्रेब्जमध्ये टाका.

तळाशी सिलिकॉनचा थर असलेल्या काचेच्या ताटलीत दोन्ही टोकं टाचण्यांनी टाचून चरबी आणि संयोजी ऊती साफ करा. साफ करायची की ठेवायची हे सगळ्या प्रयोगांत एकसारखं असू द्या, कारण वाहिनीभोवतीची चरबी स्वतःच शिथिल करणारे पदार्थ सोडते. एका उंदराची नळी स्वच्छ आणि दुसऱ्याची अर्धवट, असं झालं तर आकडे विखुरतात आणि कारण सापडत नाही.

धारदार ब्लेडने ३ ते ४ मिलिमीटर रुंदीच्या रिंग कापा. कात्रीने कापलं तर कडा चेपतात. अर्ध्या रिंगांचं अस्तर काढायचं असतं. त्यासाठी चिमट्याचं बारीक टोक किंवा खरबरीत केलेली तार आत घालून, ओल्या फिल्टर पेपरवर रिंग हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा. जोर कमी पडला तर अस्तर उरतं, जास्त झाला तर स्नायूच जखमी होतो. जमलं की नाही याची परीक्षा पुढे आहेच.

बाथमध्ये लावणं

१० मिलिलिटरचा बाथ, ३७ अंश सेल्सिअस. रिंगमधून स्टीलचे दोन हुक घाला. खालचा स्थिर आधाराला, वरचा दोऱ्याने ट्रान्सड्यूसरला (ताण मोजणाऱ्या संवेदकाला). ट्रान्सड्यूसर त्याच दिवशी १ आणि २ ग्रॅमच्या वजनांनी जुळवून घ्या. बुडबुडे इतकेच सोडा की रिंग हलणार नाही.

मूळ ताण उंदराच्या महाधमनीला साधारण १.५ ते २ ग्रॅम ठेवतात. एकदम ओढू नका, टप्प्याटप्प्याने न्या. पुढचा तास ते दीड तास रिंग हळूहळू सैल पडते, ताण परत जुळवायचा, आणि दर १५ मिनिटांनी द्रावण बदलायचं. हा वेळ कंटाळवाणा असतो, पण तो कापू नये. बेसलाइन सरकत असताना दिलेल्या डोसचा अर्थ लावता येत नाही.

२०० ते ३०० मायक्रॉन व्यासाच्या आतड्याच्या धमन्या लावायच्या असतील तर हुक चालत नाहीत, तिथे मुल्व्हनी-हाल्पर्न पद्धतीचा वायर मायोग्राफ, म्हणजे बारीक तारांवर धमनी ताणून मोजणारं यंत्र, लागतो. रक्तदाबावर खरं नियंत्रण अशाच लहान धमन्यांचं असतं, म्हणून सोय असेल तर दुसऱ्या टप्प्यात तिकडे जा. शिकायला मात्र महाधमनी बरी. ती दणकट आहे, थोडीशी धसमुसळ सहन करते.

दोन चाचण्या, ज्या टाळता येत नाहीत

पहिली पोटॅशियमची. ६० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडने रिंग किती आवळते ते नोंदवा. तीव्र द्रावणाचे थेंब बाथमध्ये टाकता येतात, पण त्याने परासरण दाब वाढतो. त्यापेक्षा सोडियम क्लोराइड जितकं कमी तितकं पोटॅशियम क्लोराइड जास्त असं वेगळं क्रेब्ज करून पूर्ण बदलणं चांगलं. ही चाचणी दोनदा करा, दुसरा प्रतिसाद बहुधा जास्त स्थिर येतो. ज्या रिंगचा प्रतिसाद बाकीच्यांच्या मानाने अगदीच मलूल आहे ती बाद. बाद करण्याचा निकष प्रयोगाआधी वहीत लिहून ठेवा; ग्राफ पाहिल्यावर ठरवलेला निकष हा निकष नव्हे.

दुसरी अस्तराची. धुऊन बेसलाइन आली की फिनिलएफ्रिन हे धमनी आवळणारं औषध देऊन रिंग आवळा, ०.१ ते १ मायक्रोमोलरच्या दरम्यान, आणि आकुंचन सपाट झालं की १० मायक्रोमोलर अ‍ॅसिटिलकोलीन द्या. ७० ते ८० टक्क्यांहून जास्त सैल झाली तर अस्तर शाबूत. १० टक्क्यांहून कमी, तर अस्तर गेलेलं. मधल्या रिंग कुठल्याच गटात घालू नका. अस्तर काढलेल्या रिंगेला शेवटी सोडियम नायट्रोप्रुसाइड, म्हणजे अस्तराशिवायही स्नायू सैल करणारं औषध, देऊन पाहा. ती सैल झाली तर स्नायू ठीक आहे आणि फक्त अस्तरच गेलंय याची खात्री पटते.

बोकडाच्या किंवा म्हशीच्या ऊतीवर काम करणाऱ्यांनी इथे सावध राहावं. अ‍ॅसिटिलकोलीन प्रत्येक वाहिनीत अस्तराची परीक्षा घेऊ शकत नाही. डुकराच्या आणि गाईच्या हृदयधमनीत ते थेट स्नायूला आवळतं. डुकराच्या हृदयधमनीसाठी म्हणून ब्रॅडिकायनिन किंवा सबस्टन्स-पी वापरतात, आणि ही दोन्हीही पेप्टाइडंच. तुमच्या प्राण्याच्या तुमच्या वाहिनीत कोणता पदार्थ चालतो हे आधी तपासून घ्या.

पहिला प्रयोग: आकुंचन

निवांत रिंग, मूळ ताणावर. एंडोथेलिन-१ वाढत्या मात्रेत, धुणं न करता, एकावर एक द्यायचं: ०.१, ०.३, १, ३, १०, ३०, १०० नॅनोमोलर. १० मिलिलिटरच्या बाथमध्ये प्रत्येक वेळी नवीन किती घालायचं त्याचा हिशेब असा:

०.१ मायक्रोमोलर द्रावणाचे १० मायक्रोलिटर, मग २० मायक्रोलिटर.
१ मायक्रोमोलरचे ७, मग २०.
१० मायक्रोमोलरचे ७, मग २०.
१०० मायक्रोमोलरचे ७.

एकूण एका रिंगेला १ नॅनोमोल लागतो, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमच्या कुपीत कागदावर तरी चाळीस रिंग होतात.

फिनिलएफ्रिनची सवय असलेला माणूस इथे हमखास घाई करतो. फिनिलएफ्रिन काही मिनिटांतच सपाट होतं, एंडोथेलिन मात्र संथ चढतं. प्रत्येक मात्रेला रेषा खरोखर सपाट होईपर्यंत थांबा, बहुधा १० ते १५ मिनिटं, लहान मात्रांना कधी त्याहूनही जास्त. लवकर पुढचा डोस दिला तर मात्रा-प्रतिसादाचा वक्र उजवीकडे सरकतो आणि पेप्टाइड आहे त्यापेक्षा दुबळं दिसतं.

एक रिंग, एक वक्र. एंडोथेलिन रिसेप्टरवरून सहजी सुटत नाही. तासभर धुतलं तरी ताण पूर्ण उतरत नाही. म्हणून ‘आधी नुसतं एंडोथेलिन, मग धुऊन अवरोधकासह पुन्हा’ ही आतड्याच्या प्रयोगातली पद्धत इथे बसत नाही. अवरोधकाची रिंग वेगळी हवी, त्याच प्राण्यातली. आणि एक रिंग अशी हवी जिला पेप्टाइडऐवजी तेवढंच अल्ब्युमिन असलेलं कोरं द्रावण मिळतं. चार तासांत बेसलाइन आपोआप किती हलते हे तीच सांगते.

दुसरा प्रयोग: प्रसरण

निवांत रिंगेवर प्रसरण दिसत नाही, कारण सैल व्हायला मुळात ताणच नसतो. म्हणून आधी फिनिलएफ्रिनने रिंग तिच्या कमाल आकुंचनाच्या ६० ते ७० टक्क्यांवर नेऊन स्थिर करायची. पूर्ण आवळलेल्या रिंगेवर सौम्य शिथिलीकरण दबून जातं.

अशा रिंगेवर कमी मात्रेत थेट एंडोथेलिन-१ दिलं तर, अस्तर शाबूत असल्यास, एक लहानसा, क्षणिक खळगा दिसू शकतो आणि पाठोपाठ रेषा वर जाते. महाधमनीत तो इतका छोटा असतो की बुडबुड्यांच्या थरथरीत हरवतो. ईटी-ए चा आवाज बंद केल्याशिवाय ईटी-बी ऐकू येणार नाही. त्यासाठी दोन वाटा आहेत.

पहिली: ईटी-ए चा अवरोधक बीक्यू-१२३, १ मायक्रोमोलर, ३० मिनिटं आधी. मग फिनिलएफ्रिन, मग एंडोथेलिन-१, पण १० नॅनोमोलरच्या आतच. त्यापुढे एंडोथेलिन अवरोधकावर मात करू लागतं आणि आकुंचन परत डोकं काढतं.

दुसरी, मला जास्त स्वच्छ वाटणारी: ईटी-बी लाच निवडणारं पेप्टाइड वापरणं. आयआरएल-१६२० किंवा ते सापाचं सॅराफोटॉक्सिन एस-६-सी. एंडोथेलिन-३ सुद्धा चालतं. ईटी-बी वर ते एंडोथेलिन-१ च्या बरोबरीने बसतं आणि ईटी-ए वर त्याची पकड बरीच कमी. मात्रा वाढवत नेली तर मात्र तेही ईटी-ए ला गाठतं. ईटी-बी चा प्रतिसाद लवकर मंदावतो, दुसऱ्यांदा दिलं तर कमी मिळतो. त्यामुळे इथे एकावर एक मात्रा देण्यापेक्षा प्रत्येक रिंगेला एकच मात्रा देऊन पाहिलेलं बरं, रिंग जास्त लागल्या तरी.

खळगा मिळाला म्हणजे तो नायट्रिक ऑक्साइडचाच असं नाही. नायट्रिक ऑक्साइड तयार होणं थांबवणारं एल-नेम, १०० मायक्रोमोलर, आधी दिल्यावर तो गेला का पाहा. प्रोस्टासायक्लिनचा वाटा तपासायला १० मायक्रोमोलर इंडोमेथासिन, जे ते बनू देत नाही. १९८८ मध्येच डी नुची, व्हेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की एंडोथेलिन हे दोन्ही पदार्थ सोडवतं. एल-नेममुळे फिनिलएफ्रिनचं आकुंचन स्वतःच वाढतं हे लक्षात ठेवून त्या रिंगेला फिनिलएफ्रिन कमी द्या आणि सुरुवातीचा ताण दोन्हीकडे जुळवा. न जुळवता ‘एल-नेमने शिथिलीकरण घटलं’ असं लिहिणारे प्रबंध मी वाचले आहेत. घटलं असेलही, पण जास्त आवळलेली रिंग कमी सैल होतेच, त्याला रिसेप्टरची गरज नाही.

तसाच एक सापळा पहिल्या प्रयोगातही आहे. अस्तर काढलेल्या रिंगेत एंडोथेलिनचा वक्र बहुधा वर किंवा डावीकडे सरकतो. ‘बघा, अस्तरावरचा ईटी-बी आकुंचनाला लगाम घालत होता’ असं चटकन लिहावंसं वाटतं. पण शाबूत अस्तर एंडोथेलिन नसतानाही थोडं नायट्रिक ऑक्साइड सोडत असतं. अस्तर काढताना तेही गेलं. दोन्हींत फरक करायचा तर अस्तर असलेल्या रिंगेवर ईटी-बी चा अवरोधक बीक्यू-७८८, १ मायक्रोमोलर, देऊन तिसरा वक्र काढा. तो साध्या वक्रापेक्षा वर गेला तरच ईटी-बी चं श्रेय. गेला नाही, तर लगाम मूळच्या नायट्रिक ऑक्साइडचा होता.

जिवंत प्राण्यात काय दिसतं

बेशुद्ध उंदराच्या मानेतल्या धमनीत रक्तदाबासाठी आणि शिरेत औषधासाठी नळी घालून, एंडोथेलिन-१ किलोला १ नॅनोमोल या प्रमाणात एकदम दिलं, तर दोन्ही परिणाम एकाच ग्राफवर येतात. आधी रक्तदाब झटकन खाली जातो, थोडाच वेळ, मग हळूहळू वर चढतो आणि तासभर वरच राहू शकतो. २५० ग्रॅमच्या उंदराला ही मात्रा ०.२५ नॅनोमोल होते. पहिला उतार ईटी-बी चा, नंतरचा चढ मुख्यतः ईटी-ए चा. बीक्यू-१२३ आधी दिलं की चढ दबतो आणि उतार मोकळा दिसतो.

इथेही एका प्राण्यात एकच डोस, त्याच कारणाने. भूल खोल झाली तर रक्तदाब आधीच खाली असतो आणि उतार दिसायला जागा राहत नाही. दाब स्थिर होऊन निदान अर्धा तास गेल्यावरच सुरुवात करा. नळीत हेपॅरिन घातलेलं सलाइन हवं, नाहीतर गुठळीमुळे मंदावलेली लाट आणि पेप्टाइडचा परिणाम यांत गल्लत होते. आणि एक: शरीरात फुप्फुसं ईटी-बी च्या मदतीने एंडोथेलिन रक्तातून काढून टाकतात. त्यामुळे बीक्यू-७८८ दिल्यावर दाब वाढला तर त्यात अस्तराचं प्रसरण थांबल्याचा वाटा किती आणि रक्तातलं एंडोथेलिन साठल्याचा किती, हे नुसत्या दाबावरून सांगता येत नाही. ते कोडं रिंगच सोडवते, कारण बाथमध्ये फुप्फुस नसतं.

औषधांच्या बाजूने या सगळ्याला वजन आहे. दोन्ही रिसेप्टर अडवणारं बोसेंटान २००१ मध्ये अमेरिकेत फुप्फुसधमनीच्या उच्च रक्तदाबासाठी मंजूर झालं, अँब्रिसेंटान ईटी-ए ला जास्त निवडतं, आणि दोन्ही अडवणारं अ‍ॅप्रोसिटेंटान २०२४ मध्ये इतर औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या रक्तदाबासाठी तिथेच मंजूर झालं. फक्त ईटी-ए अडवावा की दोन्ही, यावर औषध कंपन्यांचंही एकमत नाही.

आकडे मांडताना

आकुंचन ग्रॅममध्ये मांडू नका, त्याच रिंगेच्या पोटॅशियम प्रतिसादाच्या टक्क्यांत मांडा. रिंगची रुंदी आणि जाडी वेगवेगळी असते, तो फरक त्याने बराच निघून जातो. शिथिलीकरण फिनिलएफ्रिनच्या ताणाच्या टक्क्यांत. वक्रावरून कमाल प्रतिसाद आणि निम्मा प्रतिसाद देणाऱ्या मात्रेचा ऋण लॉगरिदम काढा आणि सरासरी त्या लॉगरिदमची घ्या, थेट मात्रेची नाही. १०० नॅनोमोलरलाही वक्र सपाट झाला नसेल, तर सॉफ्टवेअरने दिलेली ‘कमाल’ ही अंदाजपंचे आहे. अशा वेळी ठरावीक मात्रेवरच्या प्रतिसादांची तुलना करा.

नमुन्याची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या. एका उंदराच्या चार रिंग म्हणजे चार नमुने नव्हेत. त्यांची सरासरी काढून तो एक आकडा. परीक्षक हा प्रश्न विचारतातच आणि विचारायलाच हवा. एकाच प्राण्यातल्या रिंग वेगवेगळ्या गटांत वापरल्या असतील तर विश्लेषणही जोडीचं हवं, ज्यात प्राणी हा वेगळा घटक धरलेला असतो. कोणती रिंग कोणत्या बाथला आणि कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर सगळ्यात सुबक कापलेल्या रिंग नकळत एकाच गटात जमतात. महाधमनीचं हृदयाजवळचं टोक आणि खालचं टोक सारखं वागेलच असं नाही, तेही त्याने सांभाळलं जातं.

पद्धतीच्या प्रकरणात या गोष्टी नावानिशी लिहा: पेप्टाइडचा प्रकार आणि निव्वळ प्रमाण, अल्ब्युमिन वापरलं की नाही, मूळ ताण, अस्तराच्या चाचणीची मर्यादा, किती रिंग बाद केल्या आणि का, प्रत्येक मात्रेनंतर किती वेळ थांबलात, भोवतालची चरबी ठेवली की काढली, आणि प्राणी नर की मादी.